दोन जीबीचा फड

चिंचखेडे, ता. मुक्ताईनगर
३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप नानांच्या चरणी,
मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

न वापरलेला डेटा रात्री बारा वाजता जातो कुठे, असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत. नाना, मला याचं उत्तर येत नाही. बी. एस्सी.च्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नाही. मुक्ताईनगरला गौतमचंदशेठच्या मोबाइलच्या दुकानात विचारलं, तर ते म्हणाले की वीस वर्षांच्या धंद्यात हे विचारणारं गिऱ्हाईक पहिलंच. तुमच्या पाटातलं उरलेलं पाणी निदान खालच्या शेताला तरी जायचं. हे कुणाच्या शेतात जातं, देव जाणे.

कानाचं मशीन वापरता का? आईला संशय आहे की ते कपाटात आहे. वापरलं असतंत तर हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण मग तुमची पत्रं आली नसती, म्हणून मी आईच्या बाजूने फार बोलत नाही.

आता वहिनीची बातमी. मयुरीवहिनी दहावी झाली आणि लगेच लग्न होऊन आपल्याकडे आली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गणितात तिला एक्क्याऐंशी होते. माझ्यापेक्षा सहा जास्त. यंदा ती बारावीला बाहेरून बसते आहे. जळगावची एक संस्था अशा बायकांसाठी मोबाइलवर फुकट वर्ग घेते, रोज संध्याकाळी सहा ते साडेसात. परीक्षेचा फॉर्मही तेच भरून देतात. अट एकच आहे, तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी. तिचे सासरे म्हणून अप्पा हो म्हणाले खरे, पण तेही अट घालूनच. एकदा नाव कमी झालं तर या घरात हा विषय पुन्हा काढायचा नाही, असं त्यांनी केळीच्या घडावरून हात न काढता सांगून टाकलं.

म्हणून मी चार दिवस वही घेऊन बसले. तीन कंपन्यांचे रकाने आखले. कुणाचा प्लॅन अठ्ठावीस दिवसांचा, कुणाचा चौऱ्याऐंशी. कुणाचा रोज दीड जीबी, कुणाचा दोन. एक कंपनी आठवडाभर उरलेला डेटा शनिवार-रविवारी परत देते, दुसरी देत नाही. शेवटी एकीवर ‘अमर्याद ५जी’ लिहिलेलं दिसलं. गौतमचंदशेठच्या दुकानात उभी राहून चालवून पाहिलं, तर पाण्याच्या लोंढ्यासारखं! मी तिथेच रिचार्ज केलं. सिम माझ्या जुन्या फोनमध्ये घालून त्याचा हॉटस्पॉट केला आणि पासवर्ड आख्ख्या गल्लीला दिला. शिकलेल्या मुलीने दार लावून शिकू नये, असं मी ओट्यावर उभी राहून बोलले. आईने टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग गल्लीने आपापली नेटची रिचार्ज बंद केली आणि फक्त बोलण्यापुरती ठेवली.

आणि नाना, ‘अमर्याद’च्या डोक्यावर एक चांदणी होती. ती मी वाचली नाही. जिथे ५जीचा टॉवर आहे तिथेच अमर्याद. बाकी ठिकाणी रोज दोन जीबी, आणि ते संपले की वेग इतका कमी की फोन चालू असून नसल्यासारखा. मुक्ताईनगरला टॉवर आहे, चिंचखेड्याला नाही. इथे नऊ फोन त्या दोन जीबीवर बसतात. सकाळी केळीचे भाव, दुपारी मालिका, आणि आमचे हेमराजदादा क्रिकेट बघत जेवतात. सहा वाजता वहिनी वही घेऊन बसते, तेव्हा बाईंचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजतो आणि आवाज थेंबाथेंबाने येतो. दोन गैरहजेऱ्या लागल्या आहेत. आता एकच उरली.

पासवर्ड बदलला की प्रश्न मिटतो. पण कुठल्या तोंडाने बदलू?

सगळ्यांना नमस्कार. माझ्यावर रागवा, पण माया कमी करू नका.

तुमची,
मोहिनी


न्याहळोद, जि. धुळे
११ ऑगस्ट २०२५

चि. मोहिनीस,
नानाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. तुझ्या मामीने वाचून दाखवते म्हटले, मी नको म्हटले. डोळे अजून चांगले आहेत. कानाचे मशीन कपाटात नाही, देव्हाऱ्यात आहे, असे तुझ्या आईला कळव.

अमर्याद देतो म्हणणारा माणूस आमच्या बंधाऱ्यावर आला असता, तर मी त्याला आधी पांझरा नदी दाखवली असती, तीही मे महिन्यात. पण तुझी चूक वाचून मला हसू आले नाही. तुझ्या आजोबाने बावीस वर्षे पाटकऱ्याचे काम केले, आणि हे सगळे मी पाण्याच्या बाबतीत पाहिले आहे.

तू लहान होतीस म्हणून पुन्हा सांगतो. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली असे. एका फडात पन्नास जणांची शेते. पाट सगळ्यांचा. पानी बठ्ठासनं शे, पाणी सगळ्यांचे आहे, हे आमच्याकडे लहान पोरसुद्धा म्हणे. पण शेताचा मालक कितीही मोठा असो, त्याने पाटाला हात लावायचा नाही. पाणी सोडायचे ते पाटकऱ्याने, पाळीप्रमाणे. पाणी कमी झाले तर पाळी सगळ्यांचीच कमी. आणि पाटकरी नेमताना आम्ही एक गोष्ट बघत असू. ज्याचे शेत त्या फडात नाही, असाच माणूस नेमायचा. माझे शेत दुसरीकडे होते म्हणून मला नेमले. मी काही फार शहाणा होतो म्हणून नव्हे.

तू पासवर्ड दिलास ही तुझी चूक नाही. देऊन घरी जाऊन बसलीस, ही चूक. दार लावू नको, दारात माणूस बसव. आणि तो माणूस तू नव्हेस. तुझी वहिनी त्याच फडात आहे.

तुझी मामी विचारते, दोन जीबी म्हणजे किती पायल्या? मी सांगितले, ग्रॅज्युएट बाईंना विचारून कळवतो.

मयुरीला माझा आशीर्वाद सांग. गणितात एक्क्याऐंशी म्हणजे थोडे नव्हेत. पत्र लिहीत जा, तेवढ्यावर म्हाताऱ्याचे बरे चालते.

तुझा,
नाना


चिंचखेडे
२४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप नानांच्या चरणी,
मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

मामीला सांगा, पायल्यांत सांगता येत नाही, पण वहिनीचा एक वर्ग एक जीबीच्या आत बसतो. म्हणजे निम्मी कोठी.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. ‘तो माणूस तू नव्हेस’ हे वाक्य गाळणार होते, पण आई मागे उभी राहून वाचत होती.

ज्याचं शेत फडात नाही असा माणूस गल्लीत शोधायला लागलो, तर प्रत्येकाच्या खिशात फोन. मग वहिनीच म्हणाली, बेबाबाई. त्या आमच्यासमोर पिठाची गिरणी चालवतात. वय सत्तरच्या पुढे आणि फोन बटणांचा. त्यांच्या गिरणीवर दळणाचे डबे ओळीने लागतात, आणि ती ओळ मोडायची सरपंचांचीही हिंमत नाही. एकदा सरपंचांच्या घरचा डबा पुढे सरकवलेला दिसला, तर त्यांनी तो उचलून पार शेवटी नेऊन ठेवला होता.

आधी बेबाबाई नाही म्हणाल्या. जे दिसत नाही ते मोजायचं कसं, हा त्यांचा सवाल होता. मी म्हटलं, मोजू नका, वेळेवर सोडा आणि वेळेवर बंद करा. एवढं ऐकल्यावर त्यांनी माझा जुना फोन घेतला, पदराने पुसला आणि गिरणीच्या मोटरीवरच्या फळीवर ठेवून दिला. हॉटस्पॉटचं चित्र कुठे दाबायचं ते दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मलाच शिकवलं.

पाळ्या ठरल्या. सकाळी अर्धा तास केळीचे भाव आणि लोकांची कामं. दुपारी एक तास बायकांचा. सहा ते साडेसात फक्त वहिनीचा. त्यानंतर जे उरेल ते बारा वाजेपर्यंत सगळ्यांचं. पहिल्या दिवशी दादाने क्रिकेटसाठी पाचच मिनिटं मागितली. बेबाबाईंनी त्याला सांगितलं की धावा किती झाल्या ते ओळीत वाचून घे, बॅट फिरवलेली बघून तुझ्या घरात गहू दळला जाणार नाही. दादा तोंड वाकडं करून गेला. पण दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला गिरणीसमोर तोच पहारा करत उभा होता, कुणी मध्ये जोडलं जाऊ नये म्हणून.

गल्लीत आता नवी हाक ऐकू येते, बेबाबाई, पाट सोडा! अप्पासुद्धा परवा तसंच म्हणाले आणि मग खाकरले. वहिनीची एकही गैरहजेरी त्यानंतर लागली नाही. १३ सप्टेंबरला तिची मोठी चाचणी आहे. त्या दिवशी गैरहजर राहिलं की सगळं संपलं, कारण ती तिसरी होईल. पण आता मला काळजी नाही.

आईचा नमस्कार. देव्हाऱ्यातलं मशीन कानात घालावं, असा निरोप आहे. तुमचा लोभ माझ्या वाटणीला भरपूर येतो, तो तसाच येऊ द्या.

तुमची,
मोहिनी


चिंचखेडे
१६ सप्टेंबर २०२५

ती. नानांस,
मयुरीचा साष्टांग नमस्कार.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. चुका झाल्या तर सांभाळून घ्या. मोहिनीताई लिहीत नाहीत. तीन दिवस झाले, त्या जेवतात, कामं करतात, पण बोलत नाहीत. तुमचं पत्र आलं तर त्या बोलतील, म्हणून त्यांना न सांगता लिहिते.

शनिवारी माझी चाचणी होती. सकाळच्या पाळीत ताईंचा नवा फोन पाच मिनिटांसाठी जोडलेला होता. त्यांना कॉलेजचं एक पत्र बघायचं होतं. पण त्या फोनला अशी सवय आहे की वायफाय मिळालं की आतले फोटो आपोआप वर चढवून ठेवायचे. पदवी घेतली त्या दिवसाचे फोटो आणि व्हिडिओ मिळून हजाराच्या वर होते. ताई पत्र वाचून फोन गिरणीतच विसरून गोठ्याकडे गेल्या, आणि त्यांना हुडकायला बेबाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यात पाट बंद करायला वीस मिनिटं उशीर झाला. कुणाला काही कळलं नाही. दुपारच्या पाळीत बायकांनी जे उरलं होतं ते वापरलं. पाच वाजता मेसेज आला की आजचा डेटा संपला.

ताईंनी गौतमचंदशेठना फोन केला. त्यांनी दुकानातून लगेच जास्तीचा पॅक टाकला, पण तो सुरूच होईना. शेठ म्हणाले, कधी पाच मिनिटं लागतात, कधी दोन तास. वाट बघू नका, पोरीला इथे घेऊन या.

हे तेव्हाच केळीच्या कटाईवरून आले होते. शर्टावर सगळे केळीच्या चिकाचे डाग. यांनी तोंडही धुतलं नाही, गाडी काढली. मी पदर खोचून मागे बसले, वही पोटाशी धरली. मी यांना गाडी हळू चालवा असं नेहमी म्हणते, त्या दिवशी म्हटलं नाही.

सहाला सात मिनिटं कमी असताना पोचलो. शेठच्या सूनबाई राजकुंवरभाभी यांनी मला गल्ल्याच्या मागे स्टुलावर बसवलं आणि माझा फोन दुकानाच्या नेटला जोडून दिला. दुकानातला टीव्ही बंद केला, आणि जो येईल त्याला तोंडावर बोट ठेवून दाखवत होत्या. एक जण कव्हर घ्यायला आला होता, तो खुणांनीच भाव करत होता. मला हसू येत होतं आणि पेपरही सोडवायचा होता. चाळीसपैकी चौतीस मिळाले. अर्थशास्त्रात एक प्रश्न घाईत चुकला, तो मला येत होता.

घरी आलो तर गिरणीसमोर सगळी गल्ली उभी. बेबाबाईंनी ताईंना सगळ्यांसमोर ऐकवलं की बिनशिकलेल्यांनी पाट राखला आणि पदवी घेतलेलीने फोडला. ताई घरात निघून गेल्या. मला वाईट वाटलं, नाना. माझं नाव संस्थेत कुणी लिहून दिलं होतं? त्यांनीच. त्यांना दोन ओळी लिहा. ताईंवर तुमची माया आहे, त्यातली थोडी मलाही पुरेल.

आपली,
मयुरी


न्याहळोद
२१ सप्टेंबर २०२५

चि. मोहिनीस,
नानाचे आशीर्वाद.

चौतीस गुणांची बातमी मला कळली आहे. कुणाकडून ते विचारू नको.

एक गोष्ट मी तुझ्या आईलाही सांगितलेली नाही. पाटकरी होऊन सातवे वर्ष असेल. दुपारी निंबाच्या झाडाखाली मी बसलो आणि डोळा लागला. जागा झालो तेव्हा पाणी फड सोडून नाल्याला वाहत होते. वना नावाच्या शेतकऱ्याची पाळी होती, त्याचा हरभरा कोरडा राहिला. संध्याकाळी फडाची बैठक बसली. मला दंड केला, त्या हंगामात मला मिळायच्या धान्यातला निम्मा वाटा वनाला. मी बैठकीत मान खाली घातली, दंड दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावर हजर झालो. वनाच मला म्हणाला की आज वेळेवर आलास, चहा घे.

दंड भरला की विषय संपतो, मोहिनी. तोंड पाडून फिरणे हा दंड नव्हे. त्याने कोणाचाच हरभरा भिजत नाही. मयुरीचे अजून काय अडले आहे ते बघ.

मशीन कानात घातले आहे. मामीच्या भांड्यांचा आवाज फार मोठा आहे, हे आता कळले. तुझे पत्र येईपर्यंत मी टपालवाल्याला छळणार.

तुझा,
नाना


चिंचखेडे
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप नानांच्या चरणी,
मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी गिरणीवर गेले आणि बेबाबाईंना म्हटलं, मला दंड करा. त्यांनी विचार केला नाही. अठ्ठावीस दिवस माझी पाळी बंद, म्हणजे प्लॅनची पूर्ण मुदत. मी हो म्हटलं. चौथ्या दिवशी त्याच म्हणाल्या की चौदा पुरेत, तुझं तोंड बघून माझं पीठ आंबायला लागलंय. नवीन फोनमधली ती फोटोंची सवयही मी बंद केली आहे.

मग तुम्ही सांगितलंत तसं वहिनीचं काय अडलंय ते बघायला बसले. अडलं होतं ते फॉर्मवर. संस्थेने फॉर्म ऑनलाइन उघडला, नाव, जन्मतारीख, सगळं बरोबर. मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात दादाचा नंबर. वहिनीच्या फोनमधलं सिम दादाच्या नावाचं, त्यामुळे तो तिचा नंबरच नव्हे असं धरून संस्थेत नाव लिहून देताना मीच पडताळणीसाठी दादाच्या खिशातल्या फोनचा नंबर दिला होता. पडताळणीचा आकडा, तो ओटीपी, यायचा दादाच्या फोनवर, दादा केळीच्या बागेत. तो आकडा वाचून फोन करेपर्यंत मुदत संपायची. तीनदा असंच झालं. चौथ्यांदा दादाने आकडा उलटा सांगितला. वहिनी हसली, पण मग वही मिटून भाजी चिरायला गेली.

नाना, माझ्या वहीत तीन कंपन्यांचे किती रकाने होते! दिवस, जीबी, वेग, रविवारचा उरलेला डेटा. सिम कुणाच्या नावावर, हा रकानाच नव्हता. मी गल्लीला पासवर्ड वाटत फिरले आणि घरातल्या बाईकडे स्वतःचा नंबर नाही, हे मला दिसलं नाही.

वहिनीला विचारलं, तुझ्या नावाचं सिम काढायचं का? ती म्हणाली की आधार कार्डावरचा फोटो फार वाईट आहे, तोच लागेल का? तेव्हा मला कळलं, ती कधीपासून तयार आहे.

या वेळी दुकानात उभी राहून काही चालवून पाहिलं नाही. गौतमचंदशेठकडून तीन कंपन्यांची सिमं एका दिवसासाठी मागून आणली आणि तिन्ही घेऊन आपल्या स्वयंपाकघरात, माळ्यावर, गोठ्याच्या दारात उभी राहिले. अमर्याद लिहिलेली होती ती दोन्ही चुलीजवळ गप्प बसली. तिसरी साधी, रोज एक जीबीवाली, तिथेही बोलत होती. वहिनी सहा वाजता चुलीजवळ बसते, म्हणून तीच घेतली. चांदण्या सगळ्या वाचल्या. पाच होत्या. दोन मला कळल्या नाहीत, त्या शेठना वाचायला लावल्या. त्यांनाही एकच कळली.

दुकानात वहिनीने स्वतःचं आधार कार्ड दिलं आणि सही केली. राजकुंवरभाभींनी तिला तेच स्टूल पुढे केलं. परत येताना दादाने नंबर विचारला. लग्नाला चार वर्षं झाली, आणि बायकोचा नंबर पाठ करत तो चिंचखेड्यापर्यंत गाडी चालवत आला. दोन आकडे अजून चुकवतो.

या सिमचा हॉटस्पॉट मी करू दिलेला नाही. गिरणीवरचा पाट सगळ्यांचा आहे, तो तसाच चालू आहे, बेबाबाई राखतात. हे फक्त वहिनीचं. पूर्वीची मी असते तर याला कंजूषपणा म्हटलं असतं.

अप्पांना मी आधी विचारलं नाही, हेही तुम्हाला सांगते. त्यांना जेवताना कळलं. सुनेला वेगळा नंबर कशाला, असं त्यांनी एकदा म्हटलं. मी म्हटलं, फॉर्मला लागतो. ते भाकरी मोडत राहिले आणि थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं की फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती.

शेवटची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, पण त्याची आता गरज नाही. काल सकाळी सव्वादहाला वहिनीने चुलीजवळ बसून स्वतःच्या नंबरवर आलेला आकडा स्वतः वाचला, स्वतः घातला, आणि फॉर्म गेला. पोच तिच्याच फोनवर आली. तिची छापील प्रत या पत्रासोबत पाठवली आहे.

मामीला आणि सगळ्यांना नमस्कार. आमच्याकडे पत्र लिहिणाऱ्या आता दोघी झाल्या, तेव्हा तुमच्या मायेची पाळी लावून घ्या.

तुमची,
मोहिनी